दगडाला चिकटलेला ब्रायोझोआ: ओळख, वर्णन आणि वर्गीकरण

कालवाच्या शिंपल्यावर, जेटीच्या खांबावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला लेस चिकटवल्यासारखा पांढरट, नारिंगी किंवा काळपट थर दिसला तर तो ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे बारीक जलचर प्राणी, असण्याची शक्यता मोठी. तो सगळा थर म्हणजे एक वसाहत आणि तिच्यातलं एकेक घर, आतल्या प्राण्यासकट, म्हणजे झूइड. झूइडची लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यामुळे 10 पट भिंगाखाली घरं दिसतात, पण जात ठरवता येत नाही.

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि किनाऱ्यावर नमुने गोळा करणारे हौशी अभ्यासक यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सुरुवातीलाच एक सांगायला हवं. या कामात होणाऱ्या बहुतेक चुका झूइडचं वय न बघता वर्णन लिहिल्यामुळे होतात. एकाच वसाहतीच्या कडेचं कोवळं झूइड आणि मध्यावरचं जुनं झूइड शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतकी निराळी दिसतात.

सराव कोल्हापुरात, नमुना किनाऱ्यावर

हात बसवायला घाट उतरायची गरज नाही. कोल्हापूरच्या मासळी बाजारात कोकणातून कालवं, शिंपले, खेकडे येतात. कालवाच्या शिंपल्याची बाहेरची बाजू आणि समुद्री खेकड्याच्या पाठीचं कवच नीट बघा, ब्रायोझोआच्या वसाहती अनेकदा मिळतात. धुणं, स्वच्छ करणं, मोजणं, फोटो काढणं यासाठी हा माल उत्तम. पण तो कुठल्या खाडीतून, किती खोलीवरून आला हे विक्रेत्यालाही माहीत नसतं, म्हणून अशा नमुन्यावर शास्त्रीय नोंद करायची नाही. गोड्या पाण्यातले ब्रायोझोआ या सरावाला चालत नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकांचा वर्ग वेगळा, अंगाला चुन्याचा सांगाडा नाही आणि त्यांची ओळख मुख्यतः स्टॅटोब्लास्ट नावाच्या कठीण, सुप्त कळ्यांवरून होते.

नोंदीचा नमुना किनाऱ्यावरच घ्यायचा. आंबा घाटाने रत्नागिरी साधारण 130 किलोमीटर. दिवस निवडताना पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासचं उधाण बघा, कारण तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: पंधरावी तिथी म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे तळाची ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी तेवढ्याच सुमाराला. दक्षिण कोकणात वेळ थोडी अलीकडे सरकते, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांवरून खात्री करा. पहाटेची ओहोटी गाठायची तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावं लागतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फारसं उतरत नाही तेव्हा, गेलात तर धोंडे पाण्याखालीच राहतात. पावसाळ्यात जाऊ नका.

ब्रायोझोआ धोंड्याच्या वरच्या, उन्हाच्या बाजूला क्वचित. धोंडा उलटा करा, खालची बाजू बघा, काम झालं की होता तसाच परत ठेवा. छन्नीने वसाहत खरवडू नका, तिचे तुकडे होतात आणि मूळ घर हरवतं. चिकटलेल्या दगडाची चिप, शिंपला किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अख्खा उचला. मात्र प्रवाळावर वाढलेली वसाहत सोडून द्या, कारण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि मेलेला तुकडाही उचलता येत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालापासून अधिसूचित आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही.

प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत. लेबल पेन्सिलीने जाड कागदावर लिहून पिशवीच्या आत टाका. बाहेरची मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची पातळी, कशावर वाढलं, जिवंत असतानाचा रंग आणि कोणी गोळा केलं, एवढं हवं. रंग तिथेच लिहा, अल्कोहोलमध्ये तो उडतो.

जतन: वसाहतीचे तीन वाटे

एक वाटा 95 टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. दुसरा 70 टक्के इथेनॉलमध्ये, मऊ भाग आणि कायटिनचे (शिंगासारख्या, बिनचुन्याच्या पदार्थाचे) भाग बघण्यासाठी. तिसरा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलेला. टेंटॅकल, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक तंतू, बाहेर आलेल्या अवस्थेत हवे असतील तर समुद्राच्या पाण्यात तेवढंच 7.5 टक्के मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळा, प्राणी सैल पडेपर्यंत थांबा आणि मगच अल्कोहोल घाला. थेट अल्कोहोलमध्ये टाकलं की सगळे आत ओढले जातात.

फॉर्मॅलिन टाळाच. ते साठवणीत आम्लधर्मी होतं आणि चुन्याचा सांगाडा हळूहळू खातं. बारीक काटे आणि छिद्रांच्या कडा सगळ्यात आधी विरघळतात, आणि वर्गीकरण नेमकं त्यांच्यावरच उभं असतं.

ब्लीच

चुन्याच्या भिंती दिसायच्या तर वरची त्वचा आणि आतला प्राणी काढावा लागतो. त्यासाठी घरगुती सोडियम हायपोक्लोराइट चालतं. 4 ते 6 टक्क्यांचं ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्या, नखाएवढा तुकडा काचेच्या वाटीत बुडवा आणि दर अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पातळ वसाहतीला एक-दोन तास पुरतात, जाड आणि बहुथरी वसाहतीला रात्रभरही ठेवावं लागतं. बुडबुडे येणं थांबलं आणि घरं आतून पांढरीशुभ्र दिसली की बाहेर काढा.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे ऑपर्क्युलम (तोंडावरचं झाकण), ॲव्हिक्युलेरियमचा (जबड्याचं रूप घेतलेल्या झूइडचा) जबडा आणि सांध्यावर बसलेले काटे कायटिनच्या आधारावर असतात, ते ब्लीचमध्ये निघून जातात. म्हणून ब्लीच करण्याआधी फोटो काढा आणि वसाहतीचा मोठा भाग ब्लीचशिवाय राखून ठेवा. दुसरी, कमी चुना असलेल्या वसाहतींचे झूइड एकमेकांपासून सुटे होतात. अशी शंका आली तर ब्लीच चौपट पातळ करा आणि तुकडा आधाराच्या शिंपल्यासकट बुडवा. तिसरी, नीट न धुतल्यामुळे मिठाचे चौकोनी स्फटिक राहतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते काट्यांच्या बुंध्यांवरच बसलेले दिसतात. नळाच्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवा, शेवटी एकदाच डिस्टिल्ड पाणी, मग लगेच वाळवा. डिस्टिल्ड पाण्यात तुकडा दिवसभर पडून राहिला तर चुन्यावर परिणाम होतो.

कुठल्याही ॲसिडने स्वच्छ करायचा मोह आवरा. नमुना तर जाईलच, शिवाय ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गण ठरवणं

समुद्रातले ब्रायोझोआ तीन गणांत बसतात आणि पहिली विभागणी सोपी आहे. चुना अजिबात नाही, घर मऊ किंवा शिंगासारखं: टेनोस्टोमॅटिडा. चुन्याच्या नळ्या, टोकाला गोल तोंड, त्यावर झाकण नाही: सायक्लोस्टोमॅटिडा. चुन्याची पेटी आणि तोंडावर उघडझाप करणारं झाकण, म्हणजे ऑपर्क्युलम: कायलोस्टोमॅटिडा. दगडावर पसरणाऱ्या जातींमध्ये कायलोस्टोम सगळ्यात जास्त, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल. सायक्लोस्टोम हाती लागला तर आधी गोनोझूइड शोधा. भ्रूण वाढवणारं ते फुगीर घर आणि त्याचं छिद्र दिसल्याशिवाय वंशाचं नाव लिहू नका, नुसत्या नळ्यांवरून ते ठरत नाही.

कायलोस्टोममध्ये पुढचा प्रश्न: झूइडची समोरची बाजू उघडी की झाकलेली? समोर पातळ पडदा आणि ब्लीचनंतर मोठी खिडकी उरली तर तिला ओपेशिया म्हणतात. मेम्ब्रॅनिपोरा, बायफ्लुस्ट्रा, इलेक्ट्रा ही मंडळी अशी. समोर चुन्याची ढाल असेल तर ती कशी बनली ते बघा: फासळ्या जुळून, साध्या भिंतीतून, की अम्बोन्युलॉइड किंवा लेप्रालिऑइड पद्धतीने. शेवटच्या दोन वरून सारख्या दिसतात. एखादं झूइड सुईने उचकटून ढालीची आतली बाजू बघा. अम्बोन्युलॉइडमध्ये आत कडेला कड्यासारखी रेघ दिसते, लेप्रालिऑइडमध्ये दिसत नाही. हे न बघता कुल ठरवणारे पुष्कळदा दोन कुलं दूर जाऊन पडतात.

झूइड वाचणं

दिशा आधी ठरवा. वसाहतीचं पहिलं घर म्हणजे ॲन्सेस्ट्रुला. तिच्यापासून दूर, वाढत्या कडेची बाजू ती डिस्टल, तिच्याकडची ती प्रॉक्सिमल. ऑरिफिस, म्हणजे तोंडाचं छिद्र, डिस्टल टोकाजवळ असतं. फोटोत डिस्टल बाजू कायम वर ठेवा. फोटो उलटा लागला की सायनस, म्हणजे ऑरिफिसच्या प्रॉक्सिमल कडेची खाच, वरच्या बाजूला आल्यासारखं वाटतं आणि सगळं वर्णन उलटं होतं.

ऑरिफिसवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. सायनस आहे का? असेल तर यू आकाराची की व्ही, उथळ की खोल? झाकण टेकवणारे कॉन्डाइल टोकदार की बोथट, गुळगुळीत की दातेरी? आत मधोमध लायरुला नावाचा दात आहे का? ढालीवरची छिद्रं सगळीकडे आहेत की फक्त कडेच्या ओळीत? ऑरिफिसखाली ॲस्कोपोर नावाचं वेगळं छिद्र आहे का?

हे सगळं कोवळ्या झूइडवर बघायचं. वाढत्या कडेपासून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतली घरं घ्या. वय वाढतं तसा ढालीवर चुना साचतो, ऑरिफिसभोवती पेरिस्टोमची भिंत उभी राहते आणि मूळ ऑरिफिस खोल आत लपतं. जुन्या भागात वरून दिसणारं तोंड हे दुय्यम तोंड असतं. सायनस नाही, काटे नाहीत, अशी नोंद करणाऱ्याने बहुतेक वेळा हे दुय्यम तोंड बघितलेलं असतं. काट्यांचंही तसंच. कडेच्या घरांना चार-सहा काटे असतात, मध्यावर ते मोडून फक्त बुंधे उरतात किंवा चुन्याखाली जातात.

ॲव्हिक्युलेरियम म्हणजे जबड्यासारखं रूप घेतलेलं झूइड. ते दुसऱ्या झूइडवर बसलेलं आहे, झूइडांच्या मधल्या फटीत आहे, की पूर्ण झूइडच्या जागी आलं आहे, हे लिहा. जबडा कुठल्या दिशेला, टोकदार की चमच्यासारखा, आणि आत आडवी चुन्याची पट्टी आहे का हेही. ॲव्हिक्युलेरियम प्रत्येक झूइडवर नसतं. काही वसाहतींत ते शेकडा एक-दोन झूइडांवरच सापडतं, म्हणून सगळी वसाहत ओळीने बघून काढा.

ओव्हिसेल हे भ्रूणाचं घर, डिस्टल टोकाला घुमटासारखं. ते हंगामी असतं, एका वसाहतीत दिसलं नाही म्हणून जातीत नाही असं धरू नका. उलट वॉटर्सिपोरा वंशात ओव्हिसेल, ॲव्हिक्युलेरियम आणि काटे हे तिन्ही मुळातच नसतात. मेम्ब्रॅनिपोरा कुलातही ओव्हिसेल नसतं, कारण त्यांच्या सायफोनॉटीस अळ्या पाण्यातच वाढतात. तेव्हा ‘नाही’ लिहिण्याआधी निरनिराळ्या महिन्यांतल्या वसाहती तपासा.

ॲन्सेस्ट्रुला मिळाली तर सोन्याहून पिवळं. मेम्ब्रॅनिपोरा कुलात ती जोडीची असते आणि इलेक्ट्रात एकटी, एवढ्यावरच मोठा गोंधळ मिटतो. मोठ्या वसाहतीत ती नंतरच्या चुन्याखाली गाडली जाते, म्हणून किनाऱ्यावर असताना पैशाएवढ्या लहान वसाहतीही मुद्दाम घ्या.

मोजमाप

मोजण्याआधी स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मापं कोरलेल्या काचपट्टीने) आयपीसची मोजपट्टी जुळवून घ्या, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळी. झूइड, ऑरिफिस, ओव्हिसेल आणि ॲव्हिक्युलेरियम यांची लांबी-रुंदी घ्यायची, दर प्रकारची किमान 20 मापं, आणि शक्यतो तीन-चार वसाहतींतून. ॲन्सेस्ट्रुलेभोवतालच्या पहिल्या काही पिढ्या सोडा, तिथली घरं लहान असतात आणि सरासरी खाली ओढतात. अडथळ्याला वळसा घालून वाकडी झालेली घरंही सोडा. सरासरी, प्रमाण विचलन, किमान-कमाल आणि किती मापं, हे चारही लिहा.

झूइडच्या लांबीवर फार विसंबू नका. थंड पाण्यात वाढलेले झूइड मोठे होतात, त्यामुळे एकाच जातीत हंगामाप्रमाणे फरक पडतो. ऑरिफिसच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर जास्त भरवशाचं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

आजच्या घडीला एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) चित्रांशिवाय कायलोस्टोमची नवी जात कोणतंही चांगलं नियतकालिक घेत नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या सैफ-सीएफसी केंद्रात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची सोय आहे. वेळ घेताना लो-व्हॅक्यूममध्ये, सोन्याचा मुलामा न देता नमुना बघता येईल का ते विचारा. होलोटाइपला, म्हणजे नव्या जातीचं नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं त्या एकमेव नमुन्याला, मुलामा द्यायचा नाही. मुलामा द्यायचा तो दुसऱ्या वसाहतीच्या तुकड्याला, 10 ते 20 नॅनोमीटर.

नमुना कार्बन टेपवर बसवा आणि कडेला चांदीच्या पेस्टची रेघ स्टबपर्यंत (नमुना बसवायच्या धातूच्या चकतीपर्यंत) ओढा. खोल खड्ड्यांत मुलामा पोचत नाही, तिथे विद्युतभार साचून चित्रात पांढरे पट्टे येतात. तसं झालं तर व्होल्टेज कमी करा. 40 पटीला वसाहतीची मांडणी, 100 पटीला चार-पाच झूइड, 300 पटीला ऑरिफिस, ओव्हिसेल, ॲव्हिक्युलेरियम, असा क्रम ठेवा. ऑरिफिसचं एक चित्र सरळ वरून आणि एक नमुना तिरका करून, नाहीतर कॉन्डाइल दिसत नाहीत. यंत्राची वेळ तासाने मोजली जाते, त्यामुळे कुठल्या झूइडचं चित्र हवं हे आधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठरवून नकाशा काढून न्या.

तुलना

जुळणारं नाव शोधताना वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीजवर आजचं ग्राह्य नाव आणि जुनी नावं बघा, मग मूळ वर्णनापर्यंत जा. आपल्या समुद्रासाठी थॉर्नेलीबाईंचं 1905 आणि 1907 सालचं काम, रॉबर्टसन यांचं 1921 सालचं, आणि बंगालमधल्या पोर्ट कॅनिंगच्या मचूळ पाण्यातून स्टोलिक्झा यांनी 1869 साली वर्णिलेली मेम्ब्रॅनिपोरा बेंगालेन्सिस हे टाळून पुढे जाता येत नाही.

जगभर आढळते असं लिहिलेल्या नावाबद्दल सावध राहा. कितीतरी नावं फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ओदुआँ यांनी 1826 साली, दृष्टी गेलेल्या साविन्यी यांच्या, इजिप्तच्या भूमध्य आणि लाल समुद्राकाठच्या प्राण्यांच्या चित्रांवरून दिली. ती चित्रं अप्रतिम आहेत, पण मूळ नमुने आज हाती नाहीत. पुढच्या दीडशे वर्षांत ढोबळमानाने जुळणारं सगळं त्या नावांखाली जमा झालं. एसईएम आल्यावर असे गठ्ठे सुटायला लागले. म्हणून कोकणातला नमुना लाल समुद्रातल्या जातीशी जुळतोय असं वाटलं तर टाइप (ज्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना) किंवा निओटाइपच्या (तो हरवल्यावर नेमलेल्या नमुन्याच्या) एसईएम चित्राशी ऑरिफिस आणि ॲव्हिक्युलेरियम शेजारी ठेवून बघा. टाइपचं चित्र नसेल तर संग्रहालयाला पत्र लिहून मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

सीओआय आणि 16एस या जनुकांचा पुरावा जोडला तर बळकटी येते. त्यासाठी तुकडा स्वच्छ, वाढत्या कडेचाच घ्या. जुन्या भागावर बसलेल्या हायड्रॉइडचा किंवा दुसऱ्या ब्रायोझोआचाच डीएनए वाचला जाण्याचा धोका असतो.

लिहिणं

नव्या जातीच्या मांडणीत तपासलेले नमुने, निदान, नावाचा अर्थ, वर्णन, तुलनेची चर्चा आणि आढळ हे भाग येतात. निदान आणि वर्णन यांत गल्लत करू नका. निदानात फक्त तेवढंच, जे जवळच्या जातींपासून हिला वेगळं काढतं. वर्णनात सगळं, आणि क्रम ठरलेला: वसाहत, झूइड, ढाल, ऑरिफिस, काटे, ॲव्हिक्युलेरियम, ओव्हिसेल, ॲन्सेस्ट्रुला.

‘झूइड लहान, छिद्र गोलसर, ॲव्हिक्युलेरियम बाजूला’ या वाक्यावरून कोणालाही काही ओळखता येणार नाही. तेच असं लिहा (ऑटोझूइड म्हणजे अन्न घेणारं साधं झूइड): ‘ऑटोझूइड षटकोनी, सीमेवर स्पष्ट खाच. ढाल लेप्रालिऑइड, सर्वत्र सच्छिद्र, फक्त ऑरिफिसच्या प्रॉक्सिमल बाजूला छिद्रविरहित पट्टा. प्राथमिक ऑरिफिस लांबीपेक्षा किंचित रुंद, सायनस उथळ, यू आकाराचं, ऑरिफिसच्या रुंदीच्या एक-तृतीयांश. ॲव्हिक्युलेरियम एकच, ऑरिफिसच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, जबडा त्रिकोणी, टोक बाहेर आणि डिस्टल दिशेला.’ कोवळ्या आणि जुन्या झूइडमधला फरक शेवटी दोन वाक्यांत वेगळा द्या.

नाव आणि होलोटाइप

2000 सालापासून लागू असलेल्या प्राणिनामसंहितेप्रमाणे नव्या जातीसाठी होलोटाइप स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार तेही लिहावं लागतं. ब्रायोझोआत एक अख्खी वसाहत होलोटाइप होऊ शकते. एकाच दगडावर तीन-चार वसाहती एकमेकींना भिडल्या असतील तर त्यांतली नेमू नका. सुटी, ॲन्सेस्ट्रुला आणि ओव्हिसेल दोन्ही असलेली निवडा आणि फोटोवर बाण काढून ठेवा. बाकीच्या वसाहती पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले जोडीचे नमुने.

गावावरून नाव देताना शेवट वंशाच्या लिंगाप्रमाणे: पुल्लिंगी-स्त्रीलिंगीला ‘एन्सिस’, नपुंसकलिंगीला ‘एन्से’. व्यक्तीच्या नावाला पुरुष असेल तर ‘आय’, स्त्री असेल तर ‘एई’. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकवर (प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदणी करून ती नोंद लेखातच छापली पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. परिषदेच्या सारांशात किंवा प्रबंधात नवं नाव आधी टाकू नका. ते अर्धवट बाहेर पडतं आणि पुढे कुणाचं, कोणत्या सालचं, हा वाद उरतो.

जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार नव्या जातीची माहिती राष्ट्रीय संग्रहाला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, आणि समुद्री जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हीसुद्धा. परदेशी तज्ज्ञाला तुकडा पाठवायचा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा.

जमा करेपर्यंत नमुने कोल्हापुरातच राहणार असतील तर लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याची खोकी टाळा. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ आणि इथल्या पावसाळ्यातली दमट हवा मिळून चुन्यावर पांढरी भुकटी आणते. लोखंडी कपाट, प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची डबी, आत सिलिका जेलची पुडी, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पुडी तव्यावर तापवून पुन्हा कोरडी करा.